घडण आणि निवड : चिलखताच्या कथनाविषयी

१

२०२४ च्या जुलै महिन्यात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी मांडली गेली. त्यानिमित्ताने बराच वाद झाला. ही वाघनखे प्रतापगडच्या भेटीतीलच काय, याची खात्री देता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाने नमूद केलेले आहे. त्यांच्यासोबतच्या पेटीवरील मजकुरात अफजलखानाला मोगल सेनापती म्हटले आहे. खान आदिलशाहीचा सरदार होता, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अशा पेटीच्या साक्षीवर किती विसंबावे, हा प्रश्न इतिहाससंशोधकांनी सोडवावा. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट वेगळीच आहे. वाघनखांसंबंधी एवढा मजकूर लिहिला गेला, पण अंगातील कुडतीचे पुढे काय झाले, हे जवळजवळ कोणी विचारले नाही.

वास्तविक कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतील घटनाक्रम पाहिला, तर कुडतीचे कार्य आधी घडते आणि वाघनखांचे नंतर. खान मान दाबून धरतो, कुशीत जमदाड चालवतो, ती अंगास लागत नाही आणि त्यानंतर राजांचा हात चालतो. ती पहिली क्रिया निष्फळ ठरली नसती, तर पुढचे वाक्य लिहिण्याचे कारणच उरले नसते. म्हणजे कथानकाचे सारे वजन ज्या वस्तूवर तोललेले आहे, तिला संहितेत एक वाक्य मिळते आणि परंपरेत तेवढेही मिळत नाही. शस्त्राला आख्यायिका लाभते. चिलखताला फार तर उल्लेख लाभतो. हे असे का व्हावे?

याचे एक सोपे उत्तर देता येईल. शस्त्र कर्ता आहे आणि चिलखत सोसणारे आहे. वीररसाला कर्ता लागतो. हे उत्तर चूक नाही, परंतु अपुरे आहे. इलियडमध्ये अकिलीझच्या ढालीसाठी होमरने अठराव्या सर्गाचा मोठा भाग खर्च केला आहे आणि ढाल ही काही कर्ती वस्तू नव्हे. तेव्हा संरक्षक वस्तूला काव्यात स्थान मिळत नाही, असा नियम करता येत नाही. ते कोणत्या अटीवर मिळते, हे पाहिले पाहिजे.

२

लेसिंगने १७६६ साली ‘लाओकोऊन’मध्ये या ढालीविषयी केलेले विवेचन प्रसिद्ध आहे. चित्राला अवकाश मिळतो, काव्याला काळ मिळतो. म्हणून पूर्ण झालेल्या वस्तूचे वर्णन करीत बसणे काव्याच्या प्रकृतीला मानवत नाही. होमरने ही अडचण ओळखली होती. त्याने तयार ढाल दाखवली नाही, ढाल तयार होताना दाखवली. हेफेस्टस भाते चालू करतो, धातू वितळवतो, ठोकतो, एकेक वलय भरतो. वर्णनाची कृती झाली, म्हणून ढालीला काव्य मिळाले. लेसिंगचा मुद्दा पुढे नेऊन असे म्हणता येईल, की संरक्षक वस्तूला कथनात दोनच दारांनी प्रवेश मिळतो. एक दार घडणीचे, दुसरे निवडीचे. ती कोणी तरी घडवत असेल किंवा अनेकांतून ती एक कोणी तरी उचलत असेल, तरच ती काळात येते. नुसती अंगावर असेल, तर ती अवकाशात राहते, म्हणजे काव्याच्या बाहेर राहते.

अकिलीझला निवड करावी लागत नाही. त्याचे पहिले चिलखत पॅट्रोक्लसच्या प्रेतावरून हेक्टरने काढून घेतलेले असते; दुसरे आई आणून देते. तेथे घडण आहे, निवड नाही. प्रतापगडाच्या कथनात नेमके याच्या उलट आहे. राजे काय घालतात, कशावर काय घालतात, कोणत्या हातात काय चढवतात, हे बखरकार सांगतो. अज्ञानदासाच्या पोवाड्यातही सजण्याचा प्रसंग आहे. तेथे तो शृंगाराच्या अंगाने जातो आणि भेटीला निघालेला वीर नवरदेवासारखा नटतो. परंतु कुडती कोणी केली, कोठे केली, किती दिवस लागले, याविषयी बखर मुकी आहे आणि पोवाडाही मुका आहे. निवड आहे, घडण नाही.

या दोन टोकांच्या मध्ये कोठे तरी आज आणखी एक प्रकारची संहिता येऊन उभी राहिली आहे आणि तिचा विचार टाळून चालणार नाही. तग धरून राहण्याच्या संगणकीय खेळांत खेळणाऱ्याला आधी साहित्य गोळा करावे लागते, मग त्यातून स्वतःचे चिलखत घडवावे लागते आणि मग ते घालावे की नाही, कोणते घालावे, कोणते मोडकळीस येऊ द्यावे, हे ठरवावे लागते. साताऱ्या-सांगलीच्या महाविद्यालयांत मराठीच्या तासाला बसणाऱ्या मुलांना हेफेस्टस ठाऊक नसतो, सभासद परीक्षेपुरता ठाऊक असतो, परंतु लोखंडाच्या २४ विटांत पायापासून डोक्यापर्यंतचे पूर्ण चिलखत होते, हे बिनचूक ठाऊक असते. हे ज्ञान क्षुल्लक आहे, असे मानण्याची घाई करू नये. ते कथनाचे ज्ञान आहे.

३

उदाहरण म्हणून ‘मायनक्राफ्ट’ घेऊ. मोजांग या स्वीडिश संस्थेने हा खेळ २०११ साली पूर्ण रूपात प्रसिद्ध केला. त्यात चिलखताचे चार भाग आहेत : शिरस्त्राणाला ५ विटा, छातीच्या कवचाला ८, पायांच्या कवचाला ७ आणि जोड्यांना ४. नऊ घरांच्या चौकटीत या विटा मांडायच्या असतात. छातीचे कवच करताना वरच्या ओळीतील मधले घर मोकळे ठेवावे लागते, कारण तेथे मान येते. शिरस्त्राणाच्या पाच विटा उलट्या द्रोणासारख्या मांडल्या जातात. थोडक्यात, घडवण्याची कृती म्हणजे त्या वस्तूची आकृती काढणे होय. पर्सच्या परिभाषेत हे सादृश्यचिन्ह ठरते. वस्तूशी असलेल्या साम्यावर त्याचा अर्थ उभा असतो. खनिज वितळवायला भट्टी आहे, इंधनही लागते; पण पुढे घण नाही, ऐरण नाही, घाम नाही. आकृती पूर्ण झाली, की चिलखत प्रकट होते.

घडण आहे, पण घडवणारा नाही, असा हा प्रकार आहे. होमरला हे अशक्य वाटले असते. त्याच्या ढालीत लंगडा, घामेजलेला लोहार पहिल्या ओळीपासून उपस्थित आहे. खेळात खेळणाराच लोहार, खेळणाराच वीर आणि खेळणाराच वाचक. एस्पेन आर्सेथने १९९७ मध्ये ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात अशा संहितांसाठी ग्रीकमधील ‘श्रम’ आणि ‘मार्ग’ या अर्थांच्या दोन शब्दांवरून ‘एर्गोडिक’ ही संज्ञा योजली. ज्या संहितेतून वाट काढण्यासाठी वाचकाला पान उलटण्यापलीकडचे श्रम करावे लागतात, ती संहिता एर्गोडिक. संज्ञा चपखल आहे. मात्र तेथील श्रम हा वाचकाचा श्रम आहे, कारागिराचा नव्हे. खाणीत उतरण्यात, धातू शोधण्यात खेळणाऱ्याचे तास जातात. लोहाराचे मात्र क्षणभरही जात नाहीत.

या खेळातील एक तपशील मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. चामडे, लोखंड, सोने, हिरा यांची चिलखते नऊ घरांच्या चौकटीत करता येतात. कड्यांचे चिलखत मात्र सर्वसाधारण खेळात करता येत नाही. ते सापडावे लागते, मारलेल्या शत्रूकडून मिळवावे लागते किंवा गावातील चिलखतकाराकडून विकत घ्यावे लागते. संरक्षणाच्या मापात पूर्ण चामडी चिलखताला ७ गुण आहेत, सोन्याच्याला ११, कड्यांच्याला १२, लोखंडाच्याला १५ आणि हिऱ्याच्याला २०. म्हणजे कड्यांचे चिलखत सोन्याच्या किंचित वर आणि पत्र्याच्या बरेच खाली. खेळाच्या रचनाकारांनी हे कोणत्या हेतूने केले, ते बाजूला ठेवू. परिणाम मात्र असा झाला आहे, की प्रतापगडच्या अंगरख्याखालचे चिलखत ज्या जातीचे, त्या जातीची वस्तू खेळणाऱ्याला स्वतः करता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या माणसाकडे जावे लागते. त्या चिलखतकाराला खेळात नाव नाही, पण व्यवसाय आहे, दुकान आहे आणि भाव आहे. बखरीत एवढेही नाही.

आणि कड्यांचे चिलखत आकृती काढून होणारी वस्तू नव्हेच. तार ओढायची, ती सळईभोवती गुंडाळायची, वेटोळे उभे कापून कडी सुटी करायची, प्रत्येक कडी चार शेजारच्या कड्यांत ओवायची आणि चांगले काम असेल तर तिची टोके चपटी करून रिव्हेट ठोकायची. अंगरख्याएवढे चिलखत व्हायला अशा हजारो कड्या लागतात. ही क्रिया विणकामाच्या जातीची आहे. होमरच्या लोहाराला जसे प्रत्येक वलयात नवे चित्र भरता येते, तसे येथे काहीच भरता येत नाही. कडीमागून तीच कडी. लेसिंगच्या कसोटीला ही घडण उतरणार नाही, कारण तिच्यात काळ आहे, पण घटना नाही. बखरकार मुका राहिला, याचे एक कारण येथेही असू शकेल.

४

आता निवडीकडे वळू. रोलाँ बार्थने १९६४ च्या ‘चिन्हमीमांसेची मूलतत्त्वे’ या निबंधात पोशाखाचे उदाहरण घेतले आहे. अंगाच्या एकाच ठिकाणी जे एकाच वेळी घालता येत नाहीत, ते पर्याय म्हणजे पर्यायव्यवस्था. एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी जे घातले जाते, ती अन्वयरचना. टोपी की पागोटे, ही निवड. पागोटे, अंगरखा आणि चोळणा, ही वाक्यरचना. खेळातील चार घरे ही बार्थची व्यवस्था इतकी हुबेहूब राबवतात, की पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून द्यावीत.

सतराव्या शतकातील दख्खनी सरदारापुढे कोणते पर्याय होते? अबुल फज्लने ‘आईने अकबरी’त बादशाही शस्त्रागारातील वस्तूंची किमतींसह यादीच दिली आहे. जिरह, बख्तर, जोशन, चारआईना अशी नावे आणि पुढे भाव. खेळातील सामानाच्या तक्त्याचा खरा पूर्वज काव्यात शोधू नये, या यादीत शोधावा. जिरह म्हणजे निव्वळ कड्यांचे. बख्तरात कड्या आणि पत्रे. चारआईना म्हणजे छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पत्रे. केवळ संरक्षणाचे माप लावले, तर भेटीला जाणाऱ्याने चारआईना घालावा. खंजिराचा नेमका कुशीत होणारा वार कड्यांपेक्षा पत्र्यावर चांगला थोपतो. कड्या कापणाऱ्या वाराला चांगल्या, भोसकणाऱ्या अरुंद टोकाला कमी पडतात. जमदाड, कट्यार यांची टोके जाड ठेवण्यामागे कड्या फोडण्याचाच विचार असे. तरीही कुडतीची निवड झाली. कारण उघड आहे. पत्रा झाकता येत नाही. तो अंगरख्याखालून आकार दाखवतो, वाकताना अडतो, आवळल्यावर दबत नाही. कड्या अंगाबरोबर वळतात.

म्हणजे येथे निवड ठरली ती संरक्षणाच्या मापाने नव्हे, अन्वयरचनेने. त्यावर काय घातले जाणार आहे, यावरून आत काय घालायचे, ते ठरले. खेळात असे होत नाही. तेथे चिलखत दिसते, चमकते, मिरवले जाते. त्यावर अंगरखा घालण्याची सोय नाही. खेळणारा संख्या पाहतो आणि मोठी संख्या उचलतो. प्रतापगडावर संख्या मोठी असण्यापेक्षा ती दिसू नये, हे महत्त्वाचे होते. चिलखत लपवता येणे हा गुण ज्या कथनात मोजला जातो, ते कथन वेगळ्या नीतीचे असते.

सभासदाच्या शब्दयोजनेकडे येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. त्याने कुडतीला लावलेले विशेषण ‘जरीची’ असे वाचले जाते. ‘जरी’ म्हणजे सोन्याची तार, हा अर्थ आजच्या वाचकाला पहिल्यांदा सुचतो आणि राजाच्या वेशाला तो शोभतोही. परंतु फारसी ‘जिरह’पासून मराठीत आलेला चिलखतवाचक शब्द येथे मानला, तर वस्त्र एकदम लोखंडाचे होते. जिरेटोप हा शब्द याच कुळातला; मुळात तो कड्यांच्या झालरीच्या लोखंडी टोपाचा वाचक असताना आज चित्रांत तो मऊ, रेशमी, मोत्यांच्या शिरपेचाचा झाला आहे. भाषेने जिरेटोपाचे जे केले, तेच कुडतीचे केले. लोखंडाला वस्त्र केले. कोणता अर्थ घ्यावा? निर्णय बखरीतच आहे. जमदाड कुडतीवर चालते, तेव्हा सभासद एक ध्वन्यनुकारी क्रियापद वापरतो. घासण्याचा, खरवडण्याचा आवाज करणारे ते क्रियापद आहे. भरजरी कापडावर पोलाद तसे वाजत नाही. बखरकाराने चिलखत डोळ्यांना दाखवले नाही, कानाला ऐकवले. आधी ‘जरी’ म्हणून वाचकाची समजूत जिथे जाईल तिथे जाऊ दिली आणि वाराच्या क्षणी त्या एका ध्वनीतून कापडाखालचे लोखंड बाहेर काढले. हे हेतुपूर्वक झाले असेल किंवा बोलीच्या सहज सवयीने झाले असेल. मराठी गद्यातील इतके काटकसरीचे दुसरे रहस्योद्घाटन सांगणे कठीण आहे.

याच प्रसंगात एक रिकामी जागाही आहे. वोल्फगांग इझरने १९७६ मध्ये वाचनप्रक्रियेच्या मीमांसेत ज्या रिक्त स्थानांचा विचार केला, त्या जातीची. भेट आलिंगनाची आहे. अंगरखा डोळ्यांना फसवतो, पण आलिंगन ही स्पर्शाची क्रिया आहे आणि कड्यांचा जाडसर थर हाताला लपत नाही. खानाला तो लागला काय? लागला असेल, तर त्याने कुशीत वार करण्याऐवजी दुसरीकडे का केला नाही? बखर याविषयी काही सांगत नाही. हे मौन वाचकाने भरायचे आहे आणि गेली साडेतीनशे वर्षे प्रत्येक पिढी ते आपापल्या गरजेप्रमाणे भरत आलेली आहे.

५

ग्रँट डफने ते कसे भरले, हे पाहण्यासारखे आहे. १८१८ नंतर तो साताऱ्यास रेसिडेंट होता. मराठ्यांचा इतिहास त्याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या निवेदनात राजे आईच्या पायांवर डोके ठेवतात, आशीर्वाद मागतात आणि मग पागोट्याखाली पोलादी टोप व सुती अंगरख्याखाली कड्यांचे चिलखत घालतात. आशीर्वाद आणि पोलाद, सूत आणि लोखंड, वर मऊ आणि आत कठीण. वाक्याची रचनाच अशी केली आहे, की पोशाखाचे दोन थर हे मनाचे दोन थर वाटावेत. त्याआधीच त्याने खानाला मारण्याचा बेत ठरल्याचे सांगून टाकले आहे. त्यामुळे चिलखत वाचकापुढे येते, ते पुरावा म्हणून.

सभासदाच्या निवेदनात तेच चिलखत येते, ते खानाने विडा उचलल्यानंतर, जिवंत धरून नेण्याची प्रतिज्ञा वाचकाने ऐकल्यानंतर. वस्तू एकच, पोशाखाचा क्रमही जवळजवळ एकच. फरक निवेदनातील जागेचा आहे. आधी धोका सांगितला, तर चिलखत म्हणजे सावधपणा. आधी बेत सांगितला, तर तेच चिलखत म्हणजे कपट. चिलखताला स्वतःचा अर्थ नाही, असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते संपूर्ण खरे नाही. चिलखताचा एक अर्थ कोणत्याही निवेदकाला पुसता येत नाही, तो म्हणजे भीती. जो चिलखत घालतो, त्याला आपले शरीर भेदले जाऊ शकते, हे कबूल असते. एकोणिसाव्या शतकातील वादात दोन्ही पक्षांना नेमका हाच अर्थ गैरसोयीचा होता. आरोप करणाऱ्याला निर्भय कपटी हवा होता आणि बचाव करणाऱ्याला निर्भय वीर. १८९७ साली शिवराज्याभिषेक उत्सवातील अफजलखान वधाच्या चर्चेचा ‘केसरी’तील वृत्तान्त टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात आला आणि त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हापासून हा प्रसंग मारण्याच्या नीतीचा प्रसंग म्हणून जो रुजला, तो आजतागायत. मरण्याची शक्यता त्यातून गळून गेली. १० नोव्हेंबर १६५९ च्या सकाळी २९ वर्षांच्या एका माणसाने लोखंडी कुडती अंगात चढवली, तेव्हा ती पुरेल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते, ही गोष्ट आपल्या साहित्याने फार क्वचित मनावर घेतली आहे. वाघनखे लाडकी होतात आणि कुडती विसरली जाते, याचे मूळ येथे आहे.

या बाबतीत खेळ अधिक प्रामाणिक आहे, असे म्हणावे लागेल. प्रत्येक वारागणिक तेथील चिलखत झिजते. किती उरले, याची पट्टी डोळ्यांसमोर असते. ते संपेल, ही जाणीव खेळणाऱ्याची पाठ सोडत नाही. परंतु या प्रामाणिकपणाला मोल नाही, कारण मेलेला खेळाडू पुन्हा उठतो. सामान सांडते, जीव परत मिळतो. भीतीचे व्याकरण सगळे आहे. भीती मात्र उसनी आहे.

६

चिलखताविषयी मराठी मनाची उदासीनता समजून घेताना ‘कवच’ या शब्दाचा प्रवासही पाहावा लागतो. कर्णाचे कवच घडवलेले नाही, निवडलेले नाही; ते जन्मासोबत आलेले आहे. त्याच्या कथेत कवचाला काव्य मिळते, ते कवच अंगावरून कापून देण्याच्या क्षणी. घडण आणि निवड यांच्याखेरीज त्यागाचे तिसरे दार महाभारताने उघडले. ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ या कादंबऱ्यांची मराठीतील लोकप्रियता पाहिली, तर या तिसऱ्या दाराचे आकर्षण आपल्याकडे किती मोठे आहे, ते कळते. कवच काढून देणारा आपल्याला प्रिय आहे. घालणारा तितकासा नाही.

दुसरीकडे कवच हा स्तोत्राचा प्रकार झाला. रामरक्षा किंवा देवीकवच यांत डोके, कपाळ, डोळे, कान, कंठ, बाहू, हृदय असे एकेक अंग एकेका नावाच्या स्वाधीन केले जाते. तिन्हीसांजेला घरोघरी म्हटले जाणारे हे चिलखत शब्दांचे आहे. अवयवांची यादी खेळातील चार घरांपेक्षा कितीतरी बारीक आहे. लोखंडाच्या चिलखताला जे काव्य मिळाले नाही, ते सगळे या शाब्दिक चिलखताने घेतले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल काय? थोडी होईल. परंतु संरक्षणाची कल्पना आपल्या परंपरेत वस्तूकडून वाणीकडे सरकली आणि त्या सरकण्यात लोहार मागे राहिला, एवढे निश्चित.

तो लोहार, तो शिकलगार मागे कोठे राहिला, याचे एक उत्तर सांगली जिल्ह्यात मिळते. शस्त्रांना पाणी देणारे, धार लावणारे, झिलई करणारे ते शिकलगार. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, संस्थानिकांच्या फौजा मोडीत निघाल्यावर आणि शस्त्रांचे काम आटल्यावर, शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये दुरुस्त करायला आणि पुढे घडवायला सुरुवात केली. पंढरपूरकडच्या भोपळ्यांतून तंबोरे होऊ लागले. अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले, त्यामागे जी कारणे असतील त्यांत या वाद्यांची जवळीकही असावी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या शिकलगारांच्या पूर्वजांनी चिलखतेच केली, असे म्हणण्याचे कारण नाही. पण तार ओळखणारी, धातू कुठे ताणावा आणि कुठे सोडावा हे जाणणारी ही बोटे होती. मराठी संगीताच्या इतिहासात त्यांना नाव मिळाले. युद्धाच्या इतिहासात त्यांच्यासारख्यांना ते मिळाले नव्हते. तंबोरा हा मैफलीत दिसतो, ऐकू येतो, तो जुळवायला कारागिराला बोलवावे लागते. कुडती अंगरख्याखाली असते.

आणखी एक संहिता या जिल्ह्यातीलच आहे. वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. घराण्यात चालत आलेली तलवार तिच्यात आहे. दुष्काळ आहे, जोगणीसाठी मान देणारा बाप आहे, इंग्रजी अंमलाची बंदूक आहे. चिलखत नाही. फकिराच्या अंगावर कोणी चिलखत घालील, असे लेखकाच्या किंवा वाचकाच्या मनात येतही नाही. काळ बंदुकीचा आहे, म्हणून नाही, असे कोणी म्हणेल. ते निम्मे खरे. तलवारही कालबाह्यच होती, तरी ती कादंबरीत आहे. परंतु तलवार इनाम म्हणून मिळू शकते, जपता येते, गावकुसाबाहेरच्या घरातही खुंटीला टांगता येते. चिलखत ही अंगाच्या मापाची आणि पैशाची गोष्ट आहे. ज्याचा देह कोणाच्या तरी लेखी जपण्याजोगा आहे, त्याच्यासाठी ती केली जाते. अबुल फज्लच्या यादीतील किमती पुन्हा एकदा पाहाव्यात. प्रतापगडावर राजांसोबत गेलेल्या जिवा महालाच्या पट्ट्याचे कौतुक बखरीने आणि लोकवाणीने पुष्कळ केले. त्याच्या अंगात काय होते, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. निवडीची चर्चा करताना निवडीला आधी पर्याय लागतात, हे बार्थच्या व्यवस्थेत गृहीतच धरलेले असते. फकिरापुढे पर्यायव्यवस्था नाही. एकच घर आहे आणि ते रिकामे आहे.

खेळात नवा खेळाडू उतरतो, तेव्हा त्याचीही चारही घरे रिकामी असतात. पहिली रात्र येण्याआधी त्याला काही तरी करावे लागते. काही जण आधी गायी मारून चामडे जमवतात. काही जण चिलखत बाजूला ठेवून घराची भिंत उभारतात. यातील कोणती निवड शहाणपणाची, याविषयी मुले तासन्‌तास वाद घालतात आणि त्या वादात सभासदाच्या कुडतीवरील चर्चेइतकीच बारकाई असते. फरक इतकाच, की तेथे रिकाम्या घरांनी सर्वांनाच सुरुवात करावी लागते. वाटेगावच्या आणि वाईच्या, गावकुसाच्या आतल्या आणि बाहेरच्या मुलाला पहिल्या दिवशी सारखीच चार रिकामी घरे मिळतात आणि २४ विटा कोणालाही जमवता येतात. बखरीने, पोवाड्याने, कादंबरीने ही समता कधी देऊ केली नव्हती. ती खोटी आहे, हे मुलांनाही कळते. खेळ बंद करून ती उठतात आणि वर्गात येऊन बसतात, तेव्हा त्यांच्यापैकी कोणाला कुडती मिळालेली असते आणि कोणाला नसते. मराठीच्या तासाला प्रतापगडाचा उतारा शिकवला जातो, त्या वेळी वाघनखांवर प्रश्न विचारला जातो.